काउचडीबी, आठ महिन्यांनंतर: सिंक झकास, भांडण मिटवणं आपल्याकडे

मशीद बंदरच्या एका घाऊक व्यापाऱ्याचं ऑर्डर-वसुलीचं अ‍ॅप आम्ही दोघे सांभाळतो. सहा सेल्समन, प्रत्येकाच्या टॅबवर पाउचडीबी हा छोटा डेटाबेस आणि पेढीवरच्या संगणकात त्याच्याशी सिंक होणारा मुख्य डेटाबेस, काउचडीबी. जुन्या चाळींच्या तळमजल्यावर रेंज नसते, म्हणून ऑफलाइन चालणारं हवंच होतं. त्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. काउचडीबी २००५ साली सुरू करणारा डेमियन कॅट्झ आधी लोटस नोट्स या असंच सिंक करणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करायचा; रेप्लिकेशन, म्हणजे एकाच माहितीच्या प्रती अनेक मशीनवर जुळवत ठेवणं, काउचडीबीच्या रक्तातच आहे. जुलैत पाणी भरलं त्या दिवशी टॅब दिवसभर नेटविना फिरले, संध्याकाळी पेढीचं वायफाय मिळताच सगळं सिंक.

म्हणजे आम्हाला तसं वाटलं.

भायखळ्याचा एक दुकानदार पावती नाचवत आला, आणि आमच्याकडे त्याची ४,२०० रुपये बाकी तशीच. झालं होतं असं: त्याचं डॉक्युमेंट (त्याच्या खात्याची नोंद) दोन टॅबवर ऑफलाइन बदललं गेलं. एकाने वसुली लिहिली, एकदाच सेव्ह. दुसऱ्याने पत्ता सुधारला, स्पेलिंग जमेना म्हणून तीनदा सेव्ह. काउचडीबी दोन्ही आवृत्त्या ठेवते, पण समोर एकच दाखवते, आणि ती निवडताना घड्याळ बघत नाही. प्रत्येक सेव्हला एक नवी रिव्हिजन बनते; जिचा रिव्हिजनचा इतिहास लांब ती जिंकते; बरोबरी झाली तर रिव्हिजन आयडी क्रमाने मोठा असेल ती. प्रत्येक मशीनवर विजेता एकच निघावा, एवढाच हेतू. कोण बरोबर, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पत्ता जिंकला, पैसे हरले.

एकाच सर्व्हरवर जुन्या रिव्हिजनवरून लिहायला गेलात तर तो ४०९ हा एरर (कॉन्फ्लिक्ट, म्हणजे आवृत्त्यांची धडक) तोंडावर फेकतो. रेप्लिकेशनमध्ये मात्र सगळं गुपचूप. कॉन्फ्लिक्ट्सचा पर्याय देऊन मागितल्याशिवाय हरलेली आवृत्ती दिसतही नाही.

मग आम्ही आवृत्त्या एकत्र करणारी स्क्रिप्ट लिहिली, आणि हरलेली आवृत्ती डिलीट करायला विसरलो. कॉन्फ्लिक्ट जिथल्या तिथे. कॉम्पॅक्शननेही, म्हणजे डेटाबेसच्या साफसफाईनेही, तो जात नाही. शिवाय स्क्रिप्ट सगळ्या टॅबवर टाकण्याचा शहाणपणा केला होता. प्रत्येकाने आपापली वेगळी आवृत्ती बनवली आणि त्यांच्यातच नवे कॉन्फ्लिक्ट. आता ती फक्त पेढीवर, रात्री चालते.

खरा इलाज दिवाणजींकडून मिळाला. "बाकी कशाला लिहून ठेवता रे? जमा-नावे लिहा, बाकी काढता येते." आता प्रत्येक पावती हे वेगळं डॉक्युमेंट, आणि बाकी व्ह्यूमधल्या (डेटाबेस डॉक्युमेंट्सवरून स्वतः काढतो त्या यादीतल्या) बेरजेतून. दोन पावत्या एकमेकींना धडकायचा प्रश्नच नाही. हे आम्ही पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. त्याचं खापर काउचडीबीवर फोडत नाही. पाचपैकी चार तारे देतो. एक कापला तो त्या गुपचूपपणासाठी.

पत्ता आणि फोन यांचे कॉन्फ्लिक्ट अजून येतात. ते माणसालाच दाखवतो. या आठवड्यात एकच आहे, एका दुकानाचे दोन नंबर. दिवाणजी दुपारी दोन्हींवर फोन लावणार आहेत.