निमाणी ते बिटको: पास काढावा की शेअर रिक्षाच बरी?

ऑफिसात नवीन आलेल्या मुलीने परवा विचारलं, "काका, तुम्ही रोज निमाणीहून कसे येता? मी पास काढू की रिक्षानेच येऊ?" तीही निमाणीचीच. निमाणी नाशिकच्या पंचवटीत, आमचं ऑफिस नाशिकरोडला बिटकोपाशी. जेवणाच्या सुट्टीत उत्तर अर्धवट राहिलं, म्हणून लिहून काढतो. मी दोन वर्षं शेअर रिक्षाने आलो, आता शहर बसच्या पासवर येतो. तुमचा रस्ता वेगळा असेल तर हिशेबही वेगळा निघेल, हे आधीच मान्य.

रिक्षाची बाजू लोक समजतात त्यापेक्षा भक्कम आहे. हात केला की थांबते, आणि सकाळी साडेनऊला वाटेतल्या द्वारका चौकाच्या कोंडीतून बसच्या आधी बाहेर पडते. भाडं कागदावर प्रादेशिक परिवहन प्राधिकरण ठरवतं, जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष असतात. रस्त्यावर मात्र ते 'सीट'वर, म्हणजे माणशी, ठरतं. पावसात सीटचा भाव वेगळा, रात्री उशिरा वेगळा, आणि बऱ्याचदा तो उतरतानाच कळतो. सुट्ट्या पैशांवरून होणारी कुरकुर वेगळीच. हे सगळं मी चालवून घेत होतो.

चालवून घेता आलं नाही ते दत्तमंदिरापाशी. गांधीनगरला एक उतरला, उपनगरला दुसरा, की रिक्षात मी एकटा. मग आरशात बघून वाक्य यायचं, "साहेब, एका सीटसाठी पुढं परवडत नाही, त्या रिक्षात बसा." माझ्याकडून पूर्ण भाडं घेऊन त्यातली दहाची एक नोट तो दुमडून शेजारच्या चालकाच्या हातात द्यायचा. ना पावती, ना शब्द. आणि तो दुसरा म्हणायचा, "दोन सीट येऊ द्या, निघतो." बिटको समोर दिसतंय म्हटलं तरी चालेल, आणि मी रिक्षात बसून अनोळखी दोन माणसांची वाट बघतोय. एका महिन्यात तीन लेटमार्क लागले. तिसऱ्याच्या संध्याकाळी मी पासची चौकशी केली.

त्या दुमडलेल्या नोटेचं मला अजून कौतुक वाटतं, हेही सांगायला हवं. प्रवासी एकाचा, पुढची वाट दुसऱ्याची, भाड्याची वाटणी पाच सेकंदांत. बसना हे जमत नाही. याच रस्त्यावर एसटी धावते आणि शहर बसही धावते, पण एकीचं तिकीट दुसरीत दाखवून उपयोग नाही. ८ जुलै २०२१पर्यंत हा प्रश्नच नव्हता, शहरातल्या गाड्याही एसटीच्याच होत्या. त्या दिवशी महापालिकेची शहर बससेवा, सिटीलिंक, सुरू झाली आणि एका रस्त्यावर दोन दरपत्रकं आली. एसटीचा हिशेब टप्प्याचा: ६ किलोमीटरचा एक टप्पा आणि राज्यभर एकच दर. त्यामुळे २५ जानेवारी २०२५ची १४.९५ टक्क्यांची वाढ गडचिरोलीला लागली तशीच आपल्याला लागली. सिटीलिंकमध्ये गाड्या चालवणाऱ्या ठेकेदाराला किलोमीटरमागे पैसे मिळतात, तिकिटाचे पैसे महापालिकेच्या महामंडळाकडे जातात आणि तूटही तिकडेच भरून काढावी लागते. दोघांचे हिशेब वेगळे, मग एकत्र तिकीट कोण काढणार?

मुलीचं म्हणणं होतं, एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, मग सिन्नरच्या लाल गाडीने नाशिकरोडला का येऊ नये? १७ मार्च २०२३पासून ती सवलत आहे, खरंच मोठी आहे. तिचं घर जुन्या सीबीएसजवळ, म्हणजे एसटीच्या मध्यवर्ती स्थानकाजवळ, असतं तर मी दुसरं काही सुचवलंच नसतं. पण निमाणीहून सीबीएसला यायचं म्हणजे आधी एक तिकीट, मग एसटीचं दुसरं. गाडी बदलली की भाडं पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतं. लांबच्या प्रवासात किलोमीटरमागे जो थोडा स्वस्तपणा येतो, तो बदलात जातो, आणि अर्ध्या तिकिटाची बचतही बरीचशी तिथेच गळते. एसटीचा मासिक पास चांगला आहे, २० दिवसांच्या भाड्यात ३० दिवस. पण तोसुद्धा तिला सीबीएसपासून पुढेच उपयोगी.

शहर बसचा पास मला इथे जिंकताना दिसतो. गाडी बदलली तरी खिशाला कळत नाही. थेट गाडी डोळ्यांदेखत गेली तर द्वारकेपर्यंतची धरतो, तिथून पुढची. येताना भाजीसाठी मधेच उतरतो. सुट्या तिकिटावर असताना मी असा कधी उतरलो नव्हतो, कारण उतरणं म्हणजे पुन्हा किमान भाडं. बसची वाट बघावी लागत नाही असं मी म्हणणार नाही, आणि संध्याकाळी उभं राहूनच यावं लागतं. पण एकदा चढलो की माझ्या मागे किती सीट उरल्यात यावर माझं पोचणं अवलंबून नसतं.

आठवड्यातून तीनच दिवस ऑफिस असेल तर पास बहुधा वसूल होत नाही, मोबाईलवर सुटं तिकीट काढलेलं बरं. तिला मी पहिले पंधरा दिवस सुटी तिकिटं काढून खर्च लिहून ठेवायला सांगितलंय. पासचा आकडा शेजारी मांडला की तिचं तिलाच कळेल, फक्त हे सगळं पाऊस लागायच्या आत कर म्हटलं.

मी रिक्षा अगदी सोडली असंही नाही. शनिवारी उशीर झाला की पास खिशात ठेवून हात करतोच. उपनगर मागे पडलं की मात्र नजर आपोआप शेजारच्या सीटवर जाते, माझ्याशिवाय कोण उरलंय ते बघायला.