ई-ग्रामस्वराज: गावाचा हिशोब मोबाईलवर

ग्रामपंचायतीचा जमाखर्च दाखवणारं हे सरकारी पोर्टल तसं २०२० च्या एप्रिलपासून आहे, मला मात्र यंदा पुतण्याने दाखवलं. लॉगिन वगैरे काही नाही, राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडत गेलं की १५व्या वित्त आयोगाचे, म्हणजे केंद्राकडून पंचायतीला येणारे पैसे किती आले, कशावर गेले सगळं समोर, आणि पेमेंटला सरपंच-ग्रामसेवक दोघांची डिजिटल सही लागते हेही तेव्हाच कळलं. त्यातला ६० टक्के बंधित निधी, म्हणजे फक्त पाणी आणि स्वच्छतेलाच वापरायचा, हे तर गावात निम्म्या मेंबरांना माहीत नसेल.

आता आमच्या गावचं सांगतो, नाव नको. यादीत "शाळेजवळ बंदिस्त गटार", खर्च पडलेला. त्याच शाळेवरनं मी रोज डेअरीला दूध घालायला जातो, गटार उघडंच, वर फळी टाकून पोरं उड्या मारत जातात! १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मोबाईल पुढे केला तर भाऊसाहेब (ग्रामसेवक) म्हणाले, एंट्री चुकून पडली असेल, बघतो. अजून बघतायत.

मराठी जरा सरकारी छापाचं आहे, "उपक्रम", "घटक" करत डोकं फिरतं. पण फुकट आहे, चार स्टार. ग्रामसभेला जाताना आधी उघडून स्क्रीनशॉट काढून ठेवा, तिथं नेमकी रेंज नसते.