पद्मिनीचे जुने सस्पेन्शन: काय दुरुस्त केले, काय बदलले आणि पावसाळ्यानंतर काय टिकले

आमच्या घरी 1980 च्या दशकातली प्रीमियर पद्मिनी आहे. ती कोल्हापुरात नियमित चालते आणि अधूनमधून गगनबावड्याकडे जाते. गेल्या उन्हाळ्यात तिच्या पुढच्या-मागच्या सस्पेन्शनचे काम करून घेतले आणि पूर्ण पावसाळा व हिवाळा ती वापरल्यानंतर हा अनुभव लिहीत आहे. काम झाल्यावर पहिल्या आठवड्यात कोणतीही गाडी चांगलीच वाटते. खरा हिशेब खड्ड्यांतून गेल्यावर लागतो.

ही गाडी मूळची फियाट 1100 डी. पुढे विशबोन (चाकाला गाडीशी जोडणारे त्रिकोणी आर्म), कॉइल स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (वळणावर गाडीचे कलणे कमी करणारा दांडा), मागे सरळ अॅक्सल आणि पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग), अशी तिची रचना असल्यामुळे बहुतेक भाग उघडून लेथवर नीट करता येतात, आणि म्हणूनच दुरुस्ती की नवा पार्ट हा प्रश्न पडतो. कुर्ल्यातले उत्पादन थांबून दोन दशके उलटून गेली आहेत. 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीही बंद झाल्या आणि त्यांच्या जिवावर चालणारा सुट्या भागांचा व्यापार आणखी आटला. पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आज जे मिळते ते तीन प्रकारचे असते: वर्षानुवर्षे खोक्यात पडून राहिलेला जुना माल, छोट्या कारखान्यांत अलीकडे बनलेला माल आणि मोडीत निघालेल्या गाड्यांचे काढलेले भाग. या तिन्हींपैकी एकही प्रकार सरसकट चांगला किंवा वाईट नाही, त्यामुळे ‘नवीन’ या शब्दावर मी फार विसंबत नाही.

सर्वांत जास्त विचार किंगपिनबाबत, म्हणजे पुढचे चाक ज्या उभ्या पिनभोवती वळते तिच्याबाबत, करावा लागला. पुढचे चाक जॅकवर उचलून वरून आणि खालून धरून हलवले की प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवतो, पण तेवढ्यावरून किंगपिनला दोष देऊ नये. त्याच वेळी दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून ठेवायला सांगावे. प्ले नाहीसा झाला तर तो चाकाच्या बेअरिंगचा असतो. तसाच राहिला तर किंगपिन किंवा विशबोनच्या सांध्यांकडे पाहावे. आमच्या गाडीत दोन्ही बाजूंना किंगपिन झिजलेले निघाले, पण स्टब अॅक्सल (चाक ज्यावर बसते ते आखूड आस) सरळ होते आणि डाय-पेनिट्रंट तपासणीत (रंगीत द्रव लावून बारीक भेगा शोधण्याची पद्धत) त्यांवर भेग आढळली नाही. म्हणून मूळ स्टब अॅक्सल ठेवून फक्त पिन आणि बुश (पिन ज्यात फिरते त्या धातूच्या नळ्या) बदलायचे ठरवले. बाजारातल्या तयार किटमधली पिन बरी होती, पण बुश आत सैल बसत होते. शेवटी शिवाजी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्याकडून फॉस्फर ब्राँझचे बुश करून घेतले. वरचा आणि खालचा बुश एकाच लांब रीमरने (भोक अचूक मापाचे करणाऱ्या हत्याराने) एका रेषेत कापून घेण्याचा आग्रह मात्र धरला. दोन्ही वेगवेगळे रीम केले तर पिन बसते, पण स्टेअरिंग जड होते आणि बुश एका कडेने झिजू लागतात. हे काम किटपेक्षा महाग पडले. तरीही आज चाक उचलून पाहिले तर प्ले जाणवत नाही आणि पुढच्या टायरची झीजही एकसारखी आहे. महिन्यातून एकदा चाक उचलून, म्हणजे पिनवरचा भार काढून, निपलमधून ग्रीस भरतो. भार असताना भरलेले ग्रीस दाबाच्या बाजूला नीट पोहोचत नाही.

स्टब अॅक्सलवर भेग दिसली असती तर मात्र हा विचारच केला नसता. असा भाग वेल्डिंग करून देणारे लोक आहेत. ती काटकसर नव्हे.

रबराच्या बाबतीत माझे मत अगदी उलट आहे. रबरी बुश दुरुस्त होत नाहीत आणि जुन्या खोक्यातले, कधीही न वापरलेले बुश तर मुळीच घेऊ नयेत. रबर पडून राहिले तरी कडक होते. पाट्यांच्या डोळ्यातले असे ‘ओरिजिनल’ बुश मेकॅनिकने हौसेने आणले होते. नखाने दाबून पाहिले तर वरच्या थरात बारीक चिरा दिसल्या आणि ते परत केले. त्याऐवजी अलीकडच्या उत्पादनातले साधे रबरी बुश घातले. पॉलियुरेथेनचाही पर्याय होता आणि तो जास्त टिकतो हे खरे, पण आमच्या रस्त्यांवर त्याचा धक्का थेट बॉडीत येतो आणि ग्रीस सुकले की तो करकरतो. शर्यतीच्या गाडीला तो शोभेल, पद्मिनीला नाही. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे बुशचे बोल्ट शेवटचे कसताना गाडी चारही चाकांवर, स्वतःच्या वजनावर उभी असली पाहिजे. अशा बुशमध्ये रबर पिळले जाते, ते फिरत नाही. चाके लोंबकळत असताना बोल्ट कसले तर गाडी खाली उतरताच ते कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. बहुतेक ठिकाणी हे पाळले जात नाही आणि मग ‘आजकालचा माल टिकत नाही’ असे ऐकायला मिळते.

शॉक अॅब्सॉर्बर सीलबंद असल्यामुळे चारही नवे घेतले. त्यांबद्दल तक्रार नाही.

पाट्यांनी निराशा केली. मागून गाडी बसली होती, म्हणून पाटे उघडून, गंज काढून त्यांना पुन्हा कमान देऊन घेतली. नव्या सेटच्या तुलनेत हा खर्च फारच कमी होता आणि पहिले दोन-तीन महिने मागचा भाग व्यवस्थित उचललेला होता. दिवाळीत सामान आणि मागच्या सीटवर तीन माणसे घेऊन घाट चढून आल्यावर उजवी बाजू पुन्हा खाली आली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजले तर फरक स्पष्ट दिसतो. कारण उघड आहे: स्प्रिंगच्या पोलादाला नुसते ठोकून वाक देता येतो, पण भट्टीत तापवून, तेलात थंड करून पुन्हा योग्य टेंपर (कडकपणा आणि लवचिकपणा यांचा मेळ) दिला नाही तर तो वाक टिकत नाही. ती सोय असलेली भट्टी जवळ असेल तर हा मार्ग विचारात घ्यावा, नाहीतर दोन्ही बाजूंचे पूर्ण सेट नवे बनवून घ्यावेत. तुटलेला एकच पाटा बदलून मी समाधान मानणार नाही, कारण नवा पाटा ताठ आणि शेजारचे थकलेले असले की भार त्याच्यावरच पडतो.

पुढच्या कॉइल स्प्रिंग अजून मूळच्याच आहेत. काढल्या तेव्हा दोन्हींची मोकळी उंची सारखी भरली आणि गंजाचे खड्डेही नव्हते, म्हणून रंग देऊन परत बसवल्या. काही जण खाली पॅकिंग घालून पुढचा भाग उचलतात. त्याने उंची वाढते, थकलेली स्प्रिंग थकलेलीच राहते. येत्या उन्हाळ्यात मागचे पाटे नवे होतील. तेव्हा गाडीची मागची उंची वाढेल आणि पुढच्या चाकांचे कोन थोडे बदलतील, त्यामुळे त्यानंतर व्हील अलाइनमेंट करून मगच या स्प्रिंगबाबत ठरवणार आहे.