महागडं क्वार्ट्झ घड्याळ घेताय? वीस वर्षांनी सर्किट कुठून आणणार, ते आधी बघा

क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारं आणि क्वार्ट्झ स्फटिकाच्या कंपनांवरून वेळ मोजणारं घड्याळ, दोन-तीन वर्षांनी सेल बदलला की झालं, या समजुतीवर बरेच जण मोठी रक्कम खर्च करून बसतात. दहा वर्षं ते खरंही असतं. त्यानंतर मात्र एकाच किमतीच्या दोन घड्याळांचं नशीब पार वेगळं निघू शकतं, कारण चाकं झिजली तर कसबी घड्याळजी नवी घडवून देईल, पण जळालेली चिप कोणी घडवून देत नाही. म्हणून घड्याळ घेताना मी आतलं सर्किट कोणाचं आहे आणि ते अजून बनतं का, हे सगळ्यात आधी विचारतो.

माझं मन ग्रँड सेइको या जपानी ब्रँडच्या ९एफ यंत्रावर आहे, हे आधीच सांगून टाकतो. १९९३ साली आलेलं हे यंत्र वर्षाला १० सेकंदांच्या आत चुकतं. साधं क्वार्ट्झ महिन्याला १५ सेकंदांपर्यंत सरकू शकतं, म्हणजे फरक किती आहे बघा. क्वार्ट्झचे स्फटिक तीन महिने मुरवून मगच निवडतात, आणि तापमान दिवसातून ५४० वेळा मोजून वेळ सुधारली जाते. सेकंदकाटा खुणेवर येतो तो थेट बसतो, थरथरत नाही. जवळून एकदा बघाच. पण दीर्घकाळ वापरणाऱ्यासाठी याहून मोलाची गोष्ट म्हणजे चाकांचा भाग झाकून बंद केलेला आहे, त्यामुळे सेल बदलताना आत धूळ जात नाही आणि तेल लवकर सुकत नाही. हे यंत्र खोलून साफ करण्यासाठीच बांधलंय. अडचण एवढीच, की सुटे भाग कंपनीकडूनच येणार. सेल साधारण तीन वर्षं टिकतो.

याच्या उलट टोकाला महागड्या केसमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, बसवलेलं ईटीए या स्विस कंपनीसारखं सर्रास वापरलं जाणारं यंत्र. शौकीन लोक नाक मुरडतात, आणि अचूकतेत ते ९एफच्या जवळपासही येत नाही. पण बिघडलं तर अख्खं यंत्र काढून नवं बसवता येतं, तेही अर्ध्या तासात. ज्याला घड्याळ वापरायचंय आणि कंपनीच्या सेंटरच्या खेपा नको आहेत, त्याने हे बिनधास्त घ्यावं.

सोलर, म्हणजे उजेडावर चार्ज होणाऱ्या घड्याळांचं गणित निराळं. सिटिझनचं कॅलिबर ०१०० हे २०१९ चं यंत्र वर्षाला एक सेकंद इतकं अचूक आहे, आणि कार्टिएने २०२१ मध्ये आणलेल्या सोलरबीटबद्दल १६ वर्षं चालण्याचा दावा आहे. मागचं झाकण वर्षानुवर्षं उघडावं लागत नाही, हा मोठा फायदा. मात्र आतला रिचार्ज होणारा सेलही कधीतरी थकतोच, आणि तो वाटेल त्या दुकानात मिळत नाही. शिवाय घड्याळ वर्षानुवर्षं अंधाऱ्या कपाटात ठेवणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.

जुन्या घड्याळांत रोलेक्सचं ऑयस्टरक्वार्ट्झ लोभस आहे. १९७७ मध्ये आलेल्या त्यातल्या ५०३५ यंत्रात ११ ज्वेल (चाकांचे आस फिरतात ते कृत्रिम माणकाचे खडे) आहेत, घड्याळ कानाला न लावताही टकटक ऐकू येते. पण ते उणीपुरी पंचवीस वर्षंच बनलं. सर्किट गेलं तर दुसऱ्या जुन्या घड्याळातूनच काढावं लागण्याची वेळ येते. एकुलतं एक घड्याळ म्हणून मी ते कोणालाही सुचवणार नाही.

कोणतंही घ्या, संपलेला सेल आत ठेवू नका. माझं एक घड्याळ बंद पडलेल्या अवस्थेत तीन वर्षं ड्रॉवरमध्ये राहिलं. झाकण उघडलं तर सेलभोवती हिरवट-पांढरी बुरशीसारखी साय जमलेली, आणि मोटरच्या कॉइलची केसाहून बारीक तार सेलमधून गळलेल्या रसाने खाल्लेली. सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारू लागला की तो सेल संपत आल्याचा इशारा असतो, त्याच आठवड्यात बदलून घ्या. बदलताना झाकणाचं रबरी गॅस्केटही (पाणी अडवणारी कडी) नवं बसवायला सांगा आणि आत पाणी शिरत नाही ना, याची चाचणी करून घ्या.

आणि तीन वर्षांचा सेल वर्षभरातच संपू लागला, तर दोष सेलला देऊ नका. बहुतेकदा आतलं तेल सुकून चाकं जड झालेली असतात आणि मोटर जास्त वीज खेचत असते. अशा वेळी नवा सेल घालत राहण्यापेक्षा सर्व्हिसिंग करावं.

वापरलेलं घेत असाल, तर व्यवहाराआधी झाकण उघडून दाखवायला सांगा, आणि यंत्र किती वीज (मायक्रोअँपियरमध्ये) खातंय व कॉइलचा रेझिस्टन्स (विजेला होणारा रोध) किती आहे, ते मीटरवर मोजून घ्या. विकणारा आढेवेढे घेऊ लागला, तर घड्याळ परत त्याच्या हातात द्या.