अपक्ष उमेदवारासाठी निवडणूक साहाय्य सेवा : नारायण पेठेतील कार्यालयाचा लोणावळ्याच्या निवडणुकीतील अनुभव

राज्यातील नगरपरिषदांच्या निवडणुका 2025 च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झाल्या, तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीने लोणावळ्यातून नगरसेवकपदासाठी अपक्ष म्हणून उभे राहण्याचे नक्की केले आणि निवडणूक प्रतिनिधीची जबाबदारी माझ्यावर टाकली. ताई लग्न झाल्यापासून लोणावळ्यात आहे, मी पुण्यात कोथरूडला राहतो. पक्षाच्या उमेदवाराकडे अर्ज तपासणारा वकील, हिशेब लिहिणारा माणूस आणि यादी घेऊन दारोदार फिरणारे कार्यकर्ते आधीपासून असतात. अपक्षाला हे सारे पंधरा-वीस दिवसांत उभे करावे लागते. त्यामुळे नारायण पेठेतील एका छोट्या कार्यालयाची निवडणूक साहाय्य सेवा आम्ही घेतली. अर्जाची कागदपत्रे, खर्चाच्या नोंदी, जाहीरनाम्याचा मजकूर आणि मतदार यादीचे मोबाइल ॲप यांचे मिळून 18,000 रुपये ठरले, छपाईचा खर्च वेगळा होता. हे कार्यालय एक दाम्पत्य चालवते. पुढे काही उणिवाही सांगणार असल्याने त्यांचे नाव येथे देत नाही. अशी सेवा देणारे पेठांमध्ये इतरही आहेत आणि हे परीक्षण त्यांच्यापैकी कोणाकडेही जाणाऱ्याला उपयोगी पडावे, अशी माझी इच्छा आहे.

सर्वांत आधी कागदपत्रांविषयी सांगतो, कारण या सेवेचे खरे मोल तेथेच आहे. अर्ज भरण्याची मुदत 10 ते 17 नोव्हेंबर अशी होती. एवढ्या अवधीत मालमत्ता कराची थकबाकी नसल्याचा दाखला, घरी शौचालय असून त्याचा वापर होत असल्याचे प्रमाणपत्र, 12 सप्टेंबर 2001 नंतरच्या अपत्यांबाबतचे घोषणापत्र, मालमत्ता, कर्जे आणि गुन्ह्यांविषयीचे शपथपत्र, निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र बँक खाते आणि राखीव जागा असल्यास जात पडताळणीची कागदपत्रे, एवढी सगळी जुळवाजुळव करायची असते. यातले एकही कागदपत्र अवघड नाही. मात्र प्रत्येक दाखला वेगळ्या टेबलावर मिळतो आणि त्या आठवड्यात प्रत्येक टेबलापुढे रांग असते. कार्यालयाने आम्हाला पहिल्याच भेटीत एक छापील तक्ता दिला. कोणता कागद कोठे मिळेल, त्यासाठी सोबत काय न्यावे लागेल आणि कोणता कागद आधी मिळवल्याशिवाय पुढचा मिळत नाही, हे त्यात क्रमाने मांडलेले होते. बँक खात्याचे काम त्यांनी सर्वांत वर ठेवले होते आणि त्याचे महत्त्व आम्हाला नंतर कळले. बँकेत खाते उघडायला आमच्या अंदाजापेक्षा बराच जास्त वेळ लागला.

शपथपत्र तपासण्याची मॅडमची, म्हणजे त्या दाम्पत्यातील बाईंची, पद्धत पाहण्यासारखी होती. त्यांनी मतदार यादीचे पान टेबलावर पसरले, ताईच्या नावाच्या ओळीखाली स्टीलची पट्टी ठेवली, यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक मोठ्याने वाचले आणि मला अर्जावरून तेच वाचायला लावले. मग सूचकांच्या, म्हणजे अर्जावर उमेदवाराचे नाव सुचवणाऱ्यांच्या, नावांनाही हीच पट्टी लागली, कारण सूचक त्याच प्रभागाचा मतदार असावा लागतो आणि शेजारच्या इमारतीत राहणारा माणूस यादीत शेजारच्या प्रभागात असू शकतो. आमच्या एका सूचकाचे नाव नेमके असेच पलीकडच्या प्रभागात निघाले आणि आम्ही वेळेत दुसरे नाव घेतले. आमच्या वडिलांच्या पुण्यातील सदनिकेवर ताईचेही नाव आहे. तो हिस्सा शपथपत्रात यायला हवा, हेही त्यांनीच विचारून काढले. छाननीच्या दिवशी ताईच्या अर्जावर एकही आक्षेप आला नाही. ज्याने छाननीच्या दालनाबाहेर उभे राहून अर्ज बाद झालेल्या उमेदवारांचे चेहरे पाहिले आहेत, त्याला या कामाची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही.

खर्चाच्या हिशेबाचे कामही तितकेच चोख होते. नगरपरिषदांचे लोकसंख्येनुसार तीन वर्ग असतात. एक लाखाहून अधिक लोकसंख्येचे शहर ‘अ’ वर्गात, चाळीस हजार ते एक लाखापर्यंतचे ‘ब’ वर्गात आणि त्याहून लहान शहर ‘क’ वर्गात येते. लोणावळा ‘ब’ वर्गात असल्याने सदस्यपदाच्या उमेदवाराला या वेळी 3 लाख 50 हजार रुपयांची मर्यादा होती. आमचा खर्च त्या मर्यादेच्या जवळपासही गेला नाही, पण हिशेबात चूक होण्यासाठी खर्च मोठा असावा लागत नाही. प्रचारात वाटलेला चहा, कोपरा सभेच्या खुर्च्या, रिक्षावरचा भोंगा, या सगळ्यांचे दर निवडणूक यंत्रणेच्या दरपत्रकात ठरलेले असतात आणि एखादी वस्तू कोणी फुकट दिली तरी तिची किंमत हिशेबात धरावी लागते. खुर्च्यांचे बिल मांडववाल्याने वहीच्या कागदावर लिहून दिले होते. मी त्याचा फोटो पाठवल्यावर मॅडमचा लगेच फोन आला. “दादा, हे कच्चे बिल चालणार नाही. पक्के आणा, त्यावर तारीख आणि किती खुर्च्या हे दोन्ही हवे, आणि पैसे त्याच खात्यातून द्या.” रोज रात्री त्या माझ्याकडून दिवसभराच्या पावत्या मागवत असत आणि दुसऱ्या दिवशी सादर करायचे विवरण सकाळी तयार मिळत असे.

मतदान 2 डिसेंबरला झाले. मतमोजणी 3 तारखेला व्हायची होती, पण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशाने ती 21 डिसेंबरपर्यंत पुढे गेली. या वाढलेल्या काळाचे जादा पैसे कार्यालयाने मागितले नाहीत आणि आपण होऊन हिशेब चालू ठेवला. ताई निवडून आली नाही. निकालानंतर तीस दिवसांच्या आत संपूर्ण हिशेब सादर करणे मात्र विजयी आणि पराभूत अशा दोघांनाही बंधनकारक असते आणि तो न दिल्यास पुढच्या निवडणुकीसाठी अपात्र ठरवले जाऊ शकते. पराभवानंतर वहीला हात लावण्याची इच्छा कोणालाच राहत नाही. जानेवारीत पुणे महापालिकेची निवडणूक होती आणि त्यांचे कार्यालय नव्या उमेदवारांनी भरून गेले होते. तरीही मॅडमनी आमचा हिशेब मुदतीच्या बऱ्याच आधी पूर्ण करून दिला आणि त्याची पोच जपून ठेवण्यास सांगितले. याबद्दल मी त्यांचा मनापासून ऋणी आहे.

आता मतदार यादीच्या ॲपविषयी. येथे मला समाधान मिळाले नाही. ॲप नावाने, आडनावाने आणि केंद्रानुसार मतदार शोधते आणि खिशात मावणाऱ्या छपाई यंत्रावर उमेदवाराच्या चिन्हासह मतदान चिठ्ठी काढून देते. शोध जलद लागतो, वयस्कर कार्यकर्त्यांनाही ते वापरता आले. पण या निवडणुकीसाठी 1 जुलै 2025 रोजीची विधानसभेची यादी प्रभागनिहाय विभागली होती आणि एकाहून अधिक ठिकाणी नाव असण्याची शक्यता असलेल्या मतदारांपुढे आयोगाने दोन तारे छापले होते. अशा मतदाराला केंद्रावर वेगळी चौकशी आणि हमीपत्र यांना सामोरे जावे लागणार होते, म्हणून त्याला आधी भेटून समजावणे आमच्यासाठी महत्त्वाचे होते. छापील यादीतील ते तारे ॲपमध्ये उतरलेच नव्हते. ही बाब लक्षात येईपर्यंत प्रचाराचा मोठा भाग संपला होता. अखेर आम्ही छापील यादीवर लाल पेनाने खुणा करून ते मतदार वेगळे काढले.

दुसरी अडचण चिठ्ठीची होती. नगरपरिषदेत एका प्रभागातून साधारणपणे दोन सदस्य निवडून जातात आणि नगराध्यक्षाची निवड थेट मतदारांकडून होते, म्हणजे मतदाराला अध्यक्षासाठी एक आणि ‘अ’ व ‘ब’ या जागांसाठी एकेक अशी तीन मते द्यायची असतात. ॲपच्या चिठ्ठीवर ताई कोणत्या जागेसाठी उभी आहे, याचा उल्लेखच नव्हता. आम्ही तक्रार करताच एका दिवसात तो घातला गेला, हे मान्य केले पाहिजे. पण अपक्षाला चिन्ह 26 नोव्हेंबरला मिळाले आणि प्रचार 1 डिसेंबरला थांबला. इतक्या तुटपुंज्या अवधीतला एक दिवसही परवडण्यासारखा नसतो.

सर्वांत जास्त मतभेद झाला तो जाहीरनाम्यावरून. मजकूर लिहून देणे त्यांच्या सेवेत होते आणि आलेला मजकूर सरळसरळ पुण्याच्या एखाद्या प्रभागासाठी लिहिलेला वाटत होता. त्यात रुंद रस्ते, वाहनतळ आणि ‘तलाव परिसराचे सुशोभीकरण’ होते. लोणावळ्यात वळवणचे धरण टाटांच्या वीज कंपनीचे आणि भुशी धरण रेल्वेचे आहे. नगरसेवकाने तेथील काठाविषयी परस्पर आश्वासन देणे म्हणजे दुसऱ्याच्या अंगणात मांडव घालण्यासारखे आहे. शहर वाढते आहे, डोंगराच्या कुशीत इमारती आणि भाड्याने दिले जाणारे बंगले उभे राहत आहेत, पावसाळ्यात शनिवार-रविवारी भुशीकडे जाणाऱ्या गाड्यांमुळे रुग्णवाहिकेलाही वाट मिळत नाही आणि सोमवारी सकाळी उरलेला कचरा स्थानिकांच्या दारात असतो. इंद्रायणी येथेच कुरवंड्याच्या बाजूला उगम पावते आणि पुढे देहू-आळंदीला जाते, म्हणून लोणावळ्याचे सांडपाणी हा लोणावळ्यापुरता विषय राहत नाही. कचरा उचलण्याची वेळ, नाल्यांची पावसाळ्यापूर्वीची सफाई, भाड्याच्या बंगल्यांकडून रीतसर वसूल व्हावयाचा कर, सर्वसाधारण सभेत मांडता येतील असे ठराव, हे नगरसेवकाच्या हातातले आहे आणि ताईला याच गोष्टी बोलायच्या होत्या. शेवटी आम्ही मजकूर स्वतः लिहिला. कार्यालयाने तो मान्य केला, मुद्रक-प्रकाशकाचे नाव आणि प्रतींची संख्या पत्रकावर नीट छापून घेतली आणि गठ्ठे शिवाजीनगरहून सुटणाऱ्या लोणावळा लोकलमध्ये आमच्या माणसाच्या हाती पोहोचते केले.

मतदारांपैकी कितीजण प्रत्यक्षात तेथे राहतात, हा प्रश्न अशा गावात फार मोठा असतो आणि ॲप त्याचे उत्तर देऊ शकत नाही. बंगल्यांचे मालक बहुधा मुंबई-पुण्याचे मतदार असतात. उलट यादीतील कितीतरी तरुण नोकरीसाठी पिंपरी-चिंचवडला राहायला गेलेले असतात. मतदानाचा दिवस मंगळवार होता. पुण्यात राहणाऱ्या अशा मतदारांना फोन करण्याचे काम कार्यालयाने वेगळे पैसे न घेता केले. त्यातले काहीजण आले, हे ताईने केंद्राबाहेरच्या टेबलावर बसून पाहिले.

पुन्हा गरज पडली तर मी यांच्याकडूनच अर्ज आणि हिशेब ही दोन कामे घेईन, पण अर्जाची मुदत सुरू होण्याच्या किमान महिनाभर आधी जाईन. ॲप घेणाऱ्याने पैसे देण्यापूर्वी आपल्या प्रभागाची छापील यादी समोर ठेवून एका केंद्राची सगळी पाने ॲपशी ताडून पाहावीत आणि चिठ्ठीचा नमुना हातात घेऊन जागेचे अक्षर त्यावर आहे की नाही ते तपासावे. जाहीरनाम्याचे पैसे एकूण रकमेतून वजा करून घ्यावेत. मी मागणी केल्यावर त्यांनी ते परत केले.