तपकीर गल्ली, बुधवार पेठ: विज्ञान प्रदर्शनाच्या खरेदीचा अनुभव

मी जुन्नर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. जुलै संपत आला की आसपासच्या शाळांमधून फोन सुरू होतात, "मॅडम, प्रदर्शनाचं सामान तुम्ही कुठून आणता?" फोनवर सगळं सांगून होत नाही, अर्धं राहतंच. म्हणून पुण्याच्या तपकीर गल्लीबद्दल एकदाच नीट लिहून ठेवते.

आधी दोन वर्षांपूर्वीचं सांगायला हवं. त्या वर्षी माझ्याकडे दहावीचे दोन वर्ग होते, वेळ नव्हता, आणि मी तयार मॉडेल विकणाऱ्या एका दुकानातून १,८०० रुपयांचं 'स्वयंचलित सिंचन' आणलं. थर्माकोलवर हिरवा भुसा, छोटा पंप, मातीत खोचलेली दोन टोकं. दिसायला देखणं. तालुक्याच्या प्रदर्शनात परीक्षकांनी आमच्या आठवीतल्या मुलीला प्रेमानेच विचारलं, "बाळ, माती कोरडी आहे हे या यंत्राला कसं कळतं?" तिने पाठ केलेली माहिती पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली. परीक्षकांनी थांबवून पुन्हा तेच विचारलं. ती माझ्याकडे बघायला लागली. ते बघणं मी विसरलेले नाही. चूक तिची नव्हती, मॉडेल विकणाऱ्याचीही नव्हती. तिला एकदाही ती वायर काढून परत जोडायला न देणारी मी होते.

तेव्हापासून तयार मॉडेल बंद. सुटे भाग आणायचे, आणि आणायला मुलांना बरोबर न्यायचं.

नारायणगावहून सकाळची एसटी धरली की वाकडेवाडीला उतरायचं, तिथून रिक्षा. दगडूशेठ गणपतीपासून गल्ली चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पुढच्या दुकानांमध्ये दिव्याच्या माळा, पंखे, वायरची भेंडोळी, स्विचबोर्ड. नवखा माणूस एवढंच बघून परत फिरतो. आपल्याला लागणारी दुकानं आतल्या बाजूला आणि अरुंद जिन्यांवर आहेत. काउंटरच्या मागे छतापर्यंत प्लॅस्टिकचे छोटे खण, प्रत्येक खणावर स्केचपेनने लिहिलेला आकडा. शनिवारी अकराच्या आत पोहोचा. बारानंतर इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं येतात आणि काउंटरपाशी उभं राहायला जागा उरत नाही. एकदा रविवारी गेले होते, बहुतेक शटर खाली होती.

'बुधवार पेठ' म्हटल्यावर दोन मुलींच्या घरून शंका आली, तेही सांगते. मी दोघींच्या आयांना म्हटलं, तुमच्यापैकी एकीने बरोबर या. श्रावणीची आई आली. दिवसभर आमच्याबरोबर फिरली आणि परतीच्या गाडीत म्हणाली, पुढच्या वेळी धाकट्यालाही आणते. भरदिवसा, कामाच्या माणसांनी गजबजलेला बाजार आहे. मुलींना जरूर न्या.

आमचा विषय कांदा चाळीचा, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडचा होता. उन्हाळी कांदा एप्रिलमध्ये काढून चाळीत भरतात आणि पावसाळ्यात तो आतून सडायला लागतो. बाहेरच्या थरावरून कळेपर्यंत आतला ढीग गेलेला असतो. ओंकारच्या घरी आदल्या वर्षी तसंच झालं होतं, म्हणून विषय त्याने आणला. साध्या चाळीत कांदा टिकायला २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता चांगली. हे आकडे घेऊन मुलांनी ठरवलं की ७० टक्क्यांच्या वर गेलं की बझर वाजवायचा.

पहिल्या फेरीत घेतलेलं सामान: ऊनो बोर्ड (संगणकावरून प्रोग्राम टाकता येणारा आर्डुइनोचा छोटा बोर्ड; मूळ कंपनीचा नाही, नकल) ४५० रुपये, ब्रेडबोर्ड (डाग न देता भाग जोडायची छिद्रांची पाटी) ७०, जंपर वायरचा जुडगा ६०, डीएचटी ११ हा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर ९०, बझर १५, दोन ओळींचा डिस्प्ले १५०. गावाकडे हेच सामान मागवून द्यायला जवळजवळ दुप्पट सांगितलं होतं. पण गल्लीतही सगळीकडे एकच भाव नसतो, तीन दुकानांत विचारूनच घ्या. एका दुकानात मुलांनी प्रश्न विचारल्यावर "घ्यायचं असेल तर बोला" असं ऐकून घ्यावं लागलं. तिथून आम्ही लगेच बाहेर पडलो.

मग जिन्यावरच्या एका छोट्या दुकानात गेलो. मी हे सगळं लिहायला बसले ते मुख्यतः या दुकानामुळे. काउंटरवर साठीचे एक काका, चष्मा कपाळावर. मी यादी पुढे केली. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि ओंकारला विचारलं, "काय बनवायचंय रे?" मला नाही, त्याला. ओंकारने कांद्याचं सांगितलं. काकांचा पुढचा प्रश्न, "चाळीत लाइट आहे का?" नव्हती. "मग नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी घेऊ नकोस, एका दिवसात बसेल. घरात मोबाइलची पॉवर बँक असेल तीच वापर." म्हणजे विकायला समोर असलेली वस्तू त्यांनी विकली नाही. बझर देताना दोन टोकांना बॅटरी लावून तो ओंकारकडूनच वाजवून घेतला. डिस्प्लेही तसाच लावून बघितला. प्रत्येक वस्तू मुलाच्या हाताने तपासून मगच पिशवीत.

त्यांनी एसएमएस पाठवणारं जीएसएम मॉड्यूलही दाखवलं. शेतकऱ्याच्या मोबाइलवर निरोप जाईल, परीक्षकांना आवडेल. मुलांचे डोळे चमकले. पण आम्हाला तालुक्यानंतर खोडदलाही जायचं होतं. खोडदला महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे आमच्या भागातल्या शाळांचं मोठं प्रदर्शन भरतं. आकाशातून येणारे अतिशय क्षीण रेडिओ संकेत टिपायचे तर आजूबाजूला रेडिओचा गोंगाट चालत नाही, म्हणून त्या परिसरात मोबाइलसुद्धा बंद ठेवायला सांगतात. तिथे जीएसएम मॉड्यूल घेऊन कसं जायचं? मी काकांना हे सांगितलं. त्यांनी मॉड्यूल परत खणात ठेवलं आणि दुर्बिणीबद्दल दहा मिनिटं विचारत बसले. गिऱ्हाईक ताटकळत होतं, तरी.

आता तक्रारीचं. बोर्ड आम्ही दुसऱ्या दुकानातून घेतला होता, २० रुपये स्वस्त म्हणून. नकली बोर्डांवर यूएसबीसाठी बहुतेक वेळा सीएच ३४० नावाची चिप असते आणि तिचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला बोर्ड ओळखता यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर, वेगळा टाकावा लागतो. हे त्या दुकानात कोणी सांगितलं नाही. शाळेचा संगणक जुना, त्याला बोर्ड दिसेना. बोर्डच खराब आहे असं समजून मुलं दोन दिवस हिरमुसली होती. तेव्हा विकत घेतानाच विचारून घ्या आणि ड्रायव्हर पेन ड्राइव्हमध्ये आणा.

बिलाचंही तसंच. मुख्याध्यापकांना आणि लिपिकांना जीएसटीचं पक्कं बिल लागतं, नाहीतर पैसे शिक्षकाच्या खिशातून जातात. काही दुकानदार कोऱ्या चिठ्ठीवर आकडे लिहून देतात. माल बांधायच्या आधी शाळेचं नाव सांगून बिल मागा. जिन्यावरच्या काकांनी न मागता दिलं, पण सावकाश, हाताने लिहून. वेळ धरून चला.

ऑगस्टमध्ये यंत्र ओंकारच्या चाळीत बसवलं आणि बझर थांबेचना. आमच्याकडे पावसाळ्यात बाहेरचीच हवा ८०-९० टक्के ओलसर, मग ७० ची मर्यादा काय कामाची? ओंकारच्या आजोबांनी दुसऱ्याच दिवशी वायर काढून ठेवली. मुलं खट्टू झाली, पण खरं विज्ञान तिथूनच सुरू झालं असं मला वाटतं. श्रावणी म्हणाली, "मॅडम, आतली हवा बाहेरच्यापेक्षा जास्त ओली झाली तरच वाजवायचा. तेव्हा ताडपत्री वर केली तर फायदा आहे. एरवी उघडून उपयोग काय?" म्हणजे दोन सेन्सर लागणार, एक आत, एक बाहेर. आणि दोन्ही एकमेकांशी जुळणारे असायला हवेत.

ते तपासायला आम्ही मिठाची बरणी केली. झाकणाच्या बरणीत तळाशी मीठ, त्यात जेमतेम ओलं होईल इतकंच पाणी, वर सेन्सर टांगायचा, झाकण घट्ट लावून वायरीच्या फटीला मेण, आणि रात्रभर ठेवायचं. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची बंद हवा खोलीच्या तापमानाला ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिर होते. कुठल्याही शाळेला परवडणारी चाचणी आहे. सकाळी आमचा जुना सेन्सर दाखवत होता ६८ आणि नवीन आणलेला ८०. एकाच बरणीत १२ टक्क्यांचा फरक! डीएचटी ११ च्या माहितीपत्रकातच पाच टक्के इकडेतिकडे लिहिलेलं असतं, पण यात आत-बाहेर काय ताडणार?

दुसऱ्या फेरीत दोन्ही सेन्सर आणि वहीतले आकडे घेऊन पुन्हा काकांकडे गेलो. विकलेला माल परत नाही, अशी पाटी तिथेही आहे. काकांनी श्रावणीची वही वाचली. पूर्ण वाचली. मग खणातून सहा सेन्सर काढले, काउंटरवर स्वतःचा बोर्ड लावला आणि तिला म्हणाले, "एकेक लाव आणि आकडा लिही." अर्धा तास ती लावत होती, लिहीत होती. सहांपैकी दोन सेन्सर एका टक्क्याच्या फरकाने जुळले. ती जोडी त्यांनी कागदात गुंडाळून दिली आणि आमचे जुने दोन ठेवून घेतले. वरचा एक पैसा घेतला नाही. पैसे असतील तर डीएचटी २२ घ्या, २८० रुपयांना मिळतो, जास्त नेमका आहे, हेही त्यांनीच सांगितलं. आमच्याकडे तेव्हा नव्हते.

केंद्र सरकारच्या इन्स्पायर मानक योजनेत निवड झालेल्या मुलाच्या खात्यात १० हजार येतात, त्यात हे सगळं आरामात बसतं. आमचं सगळं मिळून, दोन फेऱ्यांचं एसटी भाडं सोडून, १,१०० च्या आत झालं. त्या तयार सिंचनापेक्षा ७०० रुपये कमी.

तालुक्याला माध्यमिक गटात आमचा नंबर आला नाही. खोडदला मात्र एक तरुण संशोधक टेबलापाशी थांबले आणि श्रावणीला म्हणाले, "आत आणि बाहेर तापमान वेगळं असेल तर सापेक्ष आर्द्रतेची तुलना चालेल का?" प्रश्न बरोबर होता, हवेत बाष्प तेवढंच असलं तरी तापमान बदललं की हा टक्का बदलतो. मी मागेच उभी होते, माझ्या पोटात गोळा आला. श्रावणीने वही उघडली. "नाही चालत, सर. म्हणून दोन्हीकडचं तापमान एका अंशाच्या आत असेल तेवढीच नोंद आम्ही धरली. ४१ दिवसांतल्या बाकीच्या नोंदी इथे वेगळ्या लिहिल्यात." त्यांनी वही हातात घेतली आणि तिथेच खुर्ची ओढून बसले.

गल्लीला माझ्याकडून पाचपैकी चार. एक गुण कापला तो चिठ्ठीवरच्या बिलांसाठी आणि मुलांना उत्तर न देणाऱ्या काउंटरांसाठी. जिन्यावरच्या दुकानाला पाचपैकी पाच.

यंदा ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी पुन्हा जाणार आहोत. यादी श्रावणी करते आहे, पहिल्या ओळीत दोन डीएचटी २२. ओंकारच्या आजोबांनी या वेळी बझरऐवजी दिवा लावा, रात्री झोप मोडते, असा निरोप पाठवलाय. तोही यादीत आहे.