घरातला एक प्रिंटर सगळ्यांना: यूएसबी, वायफाय की लॅन केबल?

घरात दोन लॅपटॉप, चार मोबाइल आणि प्रिंटर मात्र एकच. मुलांचे प्रोजेक्ट, सातबारा, लाईटबिल, सगळं त्यातूनच काढायचं. निर्णय आधी सांगतो: प्रिंटरला लॅनचं, म्हणजे नेटवर्क केबलचं, पोर्ट असेल आणि तो राऊटरजवळ ठेवता येत असेल, तर केबल लावा. नसेल तर वायफाय, पण आयपी, म्हणजे प्रिंटरचा नेटवर्कवरचा पत्ता, पक्का करून. यूएसबीवरून शेअरिंग फक्त जुना, चांगला चालणारा प्रिंटर टाकवत नसेल तरच.

यूएसबी शेअरिंगला खर्च शून्य. ज्या संगणकाला प्रिंटर जोडलाय तिथे 'प्रिंटर प्रॉपर्टीज'मध्ये 'शेअरिंग' टॅबवर टिक करा आणि शेअरचं नाव जागा न सोडता लिहा. नेटवर्क 'प्रायव्हेट' ठेवा, 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू करा. झालं. मात्र तो संगणक बंद किंवा झोपलेला असला की वरच्या मजल्यावरच्याने कितीही प्रिंट द्या, काही निघत नाही. मोबाइलवरून प्रिंट काढणंही अशा जोडणीत कटकटीचं. दुसरी डोकेदुखी 0x0000011b या एररची. 2021 मध्ये विंडोजने छपाईची सुरक्षा कडक केली, तेव्हापासून ती दिसू लागली. एक संगणक अपडेट केलेला आणि दुसरा नाही, असं असलं की हमखास. दोन्हीकडे सगळे अपडेट घ्या. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगमध्ये, बदल करून ती सुरक्षाच बंद करायचा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका.

वायफाय प्रिंटर कुठेही ठेवता येतो, आणि लोक घेतात ते त्यासाठीच. मोबाइलवरूनही थेट छापतो. पण घरगुती मॉडेलपैकी बरीचशी फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालतात. राऊटरवर निव्वळ 5 गिगाहर्ट्झ चालू असेल किंवा सुरक्षा फक्त 'डब्ल्यूपीए3' असेल, तर अशा प्रिंटरला नेटवर्क दिसत नाही किंवा पासवर्ड बरोबर असूनही जोडणी होत नाही. राऊटरमध्ये 2.4 चालू करून 'डब्ल्यूपीए2' ठेवा. लॅपटॉप 5 वर असला तरी चालतो, राऊटर एकच हवा. 'गेस्ट' नेटवर्कवर मात्र दोघांपैकी कुणालाच ठेवू नका. तिथे बहुतेक वेळा एक उपकरण दुसऱ्याला दिसतच नाही.

कोल्हापुरातल्या शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांच्या जाड भिंती हा वेगळाच विषय. राऊटर पुढच्या सोप्यात आणि प्रिंटर मागच्या खोलीत असेल, तर पहिलं पान निघतं आणि दुसरं अडकतं. महाद्वार रोडला खाली दुकान, वर घर असेल तिथेही तेच. अशा ठिकाणी कॅट 5ई केबल एकदा ओढून घ्या. 100 मीटरपर्यंत ती नीट चालते, आणि छपाईला 100 एमबीपीएसचं पोर्ट भरपूर झालं. लॅन पोर्टचं मॉडेल थोडं महाग पडतं, तेवढंच.

आता खरी गोम. वायफाय असो वा लॅन, चांगला चालणारा प्रिंटर एके दिवशी 'ऑफलाइन' दिसतो. पावसाळ्यात लाईट जाते-येते, राऊटर पुन्हा सुरू होतो आणि प्रिंटरला नवा आयपी देतो. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर प्रिंट पाठवत राहतो. कधी प्रिंटर राऊटरच्या आधी जागा होतो आणि 169.254 ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन बसतो. असा पत्ता दिसला तर राऊटर पूर्ण सुरू झाल्यावर प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करा.

कायमचा उपाय दहा मिनिटांचा आहे. प्रिंटरवरून नेटवर्क कॉन्फिगरेशनचं पान छापा, त्यावर मॅक ॲड्रेस, म्हणजे प्रिंटरचा स्वतःचा ओळख क्रमांक, मिळेल. राऊटरच्या तळाला चिकटवलेल्या लेबलवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका, डीएचसीपीमध्ये (राऊटर आयपी वाटतो ती सेटिंग) 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' शोधा आणि त्या मॅकला एक आयपी बांधून द्या, समजा 192.168.1.50. प्रिंटर बंद-चालू करा. मग विंडोजमध्ये 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'मध्ये जाऊन 'ॲड डिव्हाइस', मग 'ॲड मॅन्युअली', त्यात आयपीने जोडायचा पर्याय, प्रकार 'टीसीपी/आयपी डिव्हाइस'. आपोआप सापडलेला प्रिंटर विंडोज पुष्कळदा 'डब्ल्यूएसडी' पोर्टवर जोडतं आणि तेच पोर्ट रुसत राहतं, म्हणून हा हाताने जोडायचा खटाटोप. इतकं करूनही खोटंच 'ऑफलाइन' दिसत असेल तर 'पोर्ट्स' टॅबमध्ये 'कॉन्फिगर पोर्ट' उघडून 'एसएनएमपी स्टेटस'ची टिक काढा.

रिझर्व्हेशनऐवजी प्रिंटरवरच आकडा टाकायचा असेल, तर तो राऊटर वाटतो त्या पत्त्यांच्या बाहेरचा घ्या. नाहीतर उद्या पाहुण्याच्या मोबाइलला तोच आयपी मिळेल आणि दोघांचं भांडण लागेल.

लिनक्सवाल्यांनी ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:631 उघडलं की कप्सचं, म्हणजे लिनक्सच्या छपाई व्यवस्थेचं, पान येतं. तिथून याच आयपीवर प्रिंटर जोडता येतो. नव्या प्रिंटरना बहुधा वेगळा ड्रायव्हरही लागत नाही.

राऊटर इन्व्हर्टरवर जरूर ठेवा. लेसर प्रिंटर मात्र लावू नका. पान भाजणारा फ्यूजर तापताना तो एकदम इतकी वीज ओढतो की छोटा इन्व्हर्टर ट्रिप होतो आणि त्याच्याबरोबर राऊटरही जातो.